औषधी कॅनबिस दुकानाचा विमा: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

मध्य न्यू जर्सीतील एका लहान औषधी कॅनबिस (गांजा) डिस्पेन्सरीचे, म्हणजे विक्रीच्या दुकानाचे, हिशेब आणि परवान्याची कागदपत्रे मी पाहते. मार्च २०२४ मध्ये आम्ही दुकानासाठी मालमत्ता, सामान्य दायित्व आणि उत्पादन-दायित्व (विकलेल्या मालाने कोणाला इजा झाल्यास येणारी जबाबदारी) यांचे एकत्रित विमापत्र घेतले. त्याला आता सोळा महिने झाले. या काळात एक दावा केला, एक नूतनीकरण झाले आणि ८४ पानांचे ते विमापत्र मी निदान पाच वेळा अथपासून इतिपर्यंत वाचले. त्यांपैकी चार वाचने दावा करण्याची वेळ आल्यानंतरची आहेत, हे आधीच कबूल करते. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या धंद्याला विमा देणाऱ्या मोजक्या कंपन्यांचे मसुदे बऱ्याच अंशी सारखेच असतात.

पहिल्या वर्षाचा हप्ता ३१,८०० डॉलर होता. आमच्याच इमारतीत शेजारी चष्म्याचे दुकान आहे. त्याची जागा आमच्याहून मोठी आणि हप्ता आमच्या एक सप्तमांशही नाही. या फरकाचे मूळ कायद्यात आहे. न्यू जर्सीने औषधी वापराचा कायदा जानेवारी २०१० मध्ये केला, पहिले विक्रीकेंद्र डिसेंबर २०१२ मध्ये मॉन्टक्लेअरला उघडले आणि एप्रिल २०२२ पासून प्रौढांना सरसकट विक्रीही सुरू झाली. परंतु अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९७० च्या अमली पदार्थ कायद्यात ही वनस्पती हेरॉइनच्या बरोबरीने पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात बसवलेली होती आणि जुलै २०२५ पर्यंत ती तिथून हललेली नव्हती. तिला त्याहून सौम्य अशा तिसऱ्या परिशिष्टात नेण्याचा प्रस्ताव मे २०२४ मध्ये आला, तेव्हा आमच्या विमापत्राला जेमतेम दोन महिने झाले होते. त्यामुळे मोठ्या विमा कंपन्या या धंद्याच्या वाटेला जात नाहीत. लंडनच्या लॉइड्सने २०१५ मध्ये अमेरिकेतील कॅनबिसच्या विम्यातून अंग काढून घेतले, आणि जिथे १९९६ पासून औषधी वापर चालू आहे त्या कॅलिफोर्नियातही राज्याची मान्यता असलेल्या पहिल्या कंपनीला या धंद्यासाठी मंजुरी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडले.

आमचे विमापत्र सरप्लस लाइन्स प्रकारचे आहे, म्हणजे नेहमीच्या कंपन्या घेत नाहीत अशा जोखमींसाठीचे. या प्रकारात कंपनीचे दर आणि अटींचा मसुदा राज्याच्या विमा खात्याने नेहमीच्या पद्धतीने तपासून मंजूर केलेला नसतो, हप्त्यावर वेगळा ५ टक्के कर भरावा लागतो, आणि उद्या कंपनीच बुडाली तर राज्याच्या हमी निधीचे कवच सहसा मिळत नाही. न्यू जर्सीत सरप्लस लाइन्ससाठीही असा निधी आहे हे ऐकून मला क्षणभर हायसे वाटले होते. चौकशी केल्यावर कळले की तो वैद्यकीय हलगर्जीचा विमा आणि मालक स्वतः राहत असलेली लहान घरे यांच्यापुरता आहे. यावर कडी म्हणजे केंद्रीय प्राप्तिकर कायद्यातील १९८२ चे २८० ई कलम. पहिल्या दोन परिशिष्टांतील पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला मालाच्या खरेदीखर्चाखेरीज इतर व्यावसायिक खर्च त्या कलमामुळे उत्पन्नातून वजा करता येत नाहीत, म्हणून विम्याचा हप्ता आम्ही कर भरून उरलेल्या पैशातून भरत आलो. चष्मेवाल्याच्या हप्त्याशी तुलना करताना हाही फरक धरावा लागतो.

खरेदीच्या वेळी मी एक गोष्ट नीट तपासली आणि तिचा पुढे उपयोग झाला. अमेरिकेतील व्यापारी मालमत्तेच्या प्रचलित मसुद्यात विम्याबाहेरच्या वस्तूंची यादी असते आणि तिच्यात निषिद्ध माल व बेकायदा व्यापारातील माल यांचा स्पष्ट उल्लेख असतो. कोलोरॅडोतील ग्रीन अर्थ वेलनेस सेंटर या व्यावसायिकाच्या दाव्यात विमा कंपनीने हाच मुद्दा पुढे केला होता. २०१२ च्या वाल्डो कॅनियन वणव्याच्या धुराने त्यांचे नुकसान झाले होते. २०१६ मध्ये केंद्रीय न्यायालयाने कंपनीचा तो मुद्दा फेटाळला आणि काढणी झालेला माल विम्यात येऊ शकतो असे म्हटले, मात्र वाढती रोपे उभ्या पिकाच्या अपवादात टाकली. याच्या उलट, २०१२ मध्ये हवाईतील केंद्रीय न्यायालयाने चोरीला गेलेल्या औषधी रोपांची भरपाई घरमालकिणीला नाकारली होती, कारण ती देणे केंद्रीय धोरणाविरुद्ध ठरले असते. एका न्यायालयाने दिले आणि दुसऱ्याने नाकारले, अशा जमिनीवर आमचे दुकान उभे आहे. म्हणून विमापत्रातच ‘राज्याच्या कायद्यानुसार परवानाधारकाकडे असलेला तयार कॅनबिस म्हणजे मालसाठा’ अशी व्याख्या हवी, यावर मी अडून बसले. दलालाने आधी टाळाटाळ केली. शेवटी पुरवणी जोडून मिळाली.

जे मी तपासले नाही ते ४७ व्या पानावर होते. दुकान बंद असण्याच्या वेळेत सर्व तयार माल तिजोरीच्या खोलीत नसेल, तर चोरीची भरपाई मिळणार नाही, अशी ती अट. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी येणाऱ्या रुग्णांच्या ऑर्डरी आदल्या रात्रीच पिशव्यांत भरून काउंटरमागच्या कुलूपबंद खणात ठेवण्याची पद्धत होती. सकाळी दहाला दार उघडताच चाकाच्या खुर्चीतले, काठी टेकत आलेले रुग्ण ताटकळू नयेत, हा तिच्यामागचा साधा विचार. चार महिने तो खण रोज रात्री भरलेला होता आणि त्यातल्या एकाही पिशवीला विम्याचे संरक्षण नव्हते. जुलैमध्ये कंपनीचा जोखीम-तपासनीस आला, त्याने तो खण ओढून पाहिला, काही न बोलता फोटो काढला, आणि त्या रात्री मी ४७ वे पान वाचले.

आता दाव्याविषयी. जानेवारी २०२५ मध्ये कडाक्याची थंडी पडली असताना एका रात्री वरच्या मजल्यावरील रिकाम्या कार्यालयातील पाण्याचा पाइप गोठून फुटला. पहाटे पाचला अलार्म कंपनीचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा तिजोरीच्या खोलीच्या छताचा एक चौकोन खाली आला होता आणि भिंतीवरून उतरणारे पाणी कपाटांच्या खालच्या दोन फळ्यांवर जमले होते. खोलीत ओल्या प्लास्टरचा वास होता, आणि त्याच्याखाली फुलांचा तो ओळखीचा राळेसारखा दर्प. दुकानात आम्ही या फुलांना फ्लॉवर म्हणतो. सांगलीला आईशी बोलताना मी अजूनही ‘औषधी वनस्पती’ एवढेच म्हणते. खालच्या दोन फळ्यांवर ६१२ पाकिटे होती.

कंपनीचा सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला. माणूस सभ्य होता आणि कामात चोख. पण त्याने आयुष्यभर गालिचे, किराणा आणि कपडे मोजले असावेत. ज्यांचे सील उघडे पडले होते अशी २०५ पाकिटे त्याने बाजूला काढली आणि बाकीची पुसून विकता येतील असे मत दिले. आमच्या फार्मासिस्टने त्याला शांतपणे समजावले की आमच्या रुग्णांत केमोथेरपी घेणारे लोक आहेत, त्यांची प्रतिकारशक्ती क्षीण असते, आणि दमट खोलीत तीन दिवस राहिलेल्या फुलावर बुरशी धरली असेल तर ती त्यांच्या फुप्फुसात जाईल. सर्व्हेअरने ते लिहून घेतले, परंतु विमापत्रात नुकसान म्हणजे प्रत्यक्ष भौतिक नुकसान, आणि भीतीला तिथे रकाना नाही. शिवाय बुरशीचा अपवाद वेगळाच होता. तो केवळ विमित घटनेमुळे आलेल्या बुरशीपुरता शिथिल केलेला होता, तेही मोजक्या रकमेपर्यंत.

कोंडी फुटली ती प्रयोगशाळेच्या अहवालाने. दोन्ही फळ्यांवरील प्रत्येक वाणाचा नमुना आम्ही परवानाधारक प्रयोगशाळेत पाठवला. बंद दिसणाऱ्या पाकिटांतील फुलांतही बुरशीचे प्रमाण मर्यादेबाहेर निघाले. काचेच्या बाटल्यांतील अर्क आणि गमी (चघळायच्या गोळ्या) मात्र निर्धोक ठरल्या. यामुळे ४३१ पाकिटे बाद धरली गेली. ती नेमकी कोणती, केव्हा आली आणि काय भावाने आली, हे सिद्ध करण्याचा प्रश्नच आला नाही. राज्याने सक्तीच्या केलेल्या मेट्रक या नोंदप्रणालीत मालाची टॅगनिशी नोंद असते, आणि आम्ही दुकान बंद करताना रोजची मोजणी जुळवतो. एरवी ज्या मेट्रकच्या नावाने आम्ही रोज बोटे मोडतो, त्याचा छापील उतारा सर्व्हेअरने दहा मिनिटांत मान्य केला. साठ्याच्या पुराव्यासाठी चष्मेवाल्याला खरेदीच्या पावत्या शोधण्यात दोन आठवडे घालवावे लागले, कारण पाणी त्याच्याकडेही गेले होते.

नंतर निघाला भंगाराचा प्रश्न, आणि हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. भरपाई दिल्यावर खराब झालेला माल ताब्यात घेण्याचा हक्क विमा कंपनीला असतो. आमच्याही विमापत्रात ते कलम जसेच्या तसे होते. सर्व्हेअरला मी विचारले की आपण हा माल कसा नेणार. त्याने आधी कलमाकडे पाहिले, नंतर त्या ४३१ पाकिटांकडे, आणि म्हणाला की हे मी माझ्या गाडीत घालू शकत नाही. तो परवानाधारक नव्हता. नेला असता तर तो गुन्हाच ठरला असता. अखेर कंपनीने हक्क सोडल्याचे पत्र दिले, पण त्या पत्रासाठी सोळा दिवस लागले, आणि तोवर विकता न येणारा माल कुलपात, कॅमेऱ्याखाली, रोज मोजून सांभाळावा लागला. विल्हेवाटीच्या दिवशी दोन कर्मचाऱ्यांनी एकेक पाकीट कापून फुले पिंपात ओतली, त्यात कॉफीचा चोथा आणि मांजराच्या शौचपेटीत घालायची माती कालवली, पिंप तोलले, वजन मेट्रकमध्ये चढवले आणि सह्या केल्या. हातमोजे घालूनही दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांचा वास गेला नव्हता.

हाती आलेली रक्कम अशी. पाकिटाची सरासरी खरेदी किंमत २७ डॉलर धरून ११,६३७ डॉलर, त्यातून विमापत्रानुसार आम्हीच सोसायची वजावट २,५००, म्हणजे ९,१३७ डॉलर. घटनेपासून ७४ व्या दिवशी. विक्रीच्या भावाने हिशेब व्हावा ही माझी मागणी टिकली नाही आणि टिकायला नकोच होती, कारण मूल्यांकनाचे कलम स्पष्ट होते. ते मी घेताना बदलून मागायला हवे होते. प्रयोगशाळेचा खर्च मिळाला नाही. दुकान चार दिवस बंद होते, परंतु धंदा बुडाल्याच्या भरपाईला ७२ तासांची प्रतीक्षा असल्याने एकाच दिवसाचे पैसे मिळाले. लहान दुकानासाठी हे ७२ तास म्हणजे भरपाई नसल्यासारखेच आहे, असे माझे मत आहे.

रोकडीचे कलम वापरण्याची वेळ आली नाही, तरी त्यावर लिहिले पाहिजे. केंद्रीय कायद्यामुळे मोठ्या क्रेडिट कार्ड कंपन्या आमचे व्यवहार स्वीकारत नाहीत, म्हणून गल्ल्यात नोटाच जास्त. या धंद्याशी व्यवहार करणाऱ्या बँकांना अभय देणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने सप्टेंबर २०१९ मध्ये ३२१ विरुद्ध १०३ मतांनी संमत केले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. आमच्या विमापत्रात तिजोरीतील रोकडीची मर्यादा १०,००० डॉलर होती, आणि लागून सुट्ट्या आल्या की सोमवारी सकाळी तिजोरीत त्याहून बरेच अधिक असायचे. चिलखती गाडी आठवड्यातून एकदा येत होती. आता दोनदा येते आणि त्याचा खर्च अर्थातच आमचा.

उत्पादन-दायित्वाच्या भागात व्हेप काडतुसांचा (वाफ ओढण्याच्या उपकरणात बसणाऱ्या अर्काच्या नळ्यांचा) अपवाद होता. व्हेप ओढण्याशी जोडलेल्या २०१९ च्या फुप्फुसविकाराच्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली, आणि तपासात त्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटकडे बोट दाखवले गेले, तेव्हापासून विमा कंपन्या या मालाला बिचकतात. जादा हप्ता देऊन आणि प्रत्येक पुरवठादाराच्या विम्यात आमचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालून घेऊन आम्ही तो अपवाद काढून घेतला. यात दीड महिना गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते.

काउंटरवर मात्र विम्याचा प्रश्न वेगळाच असतो. एडिसनहून येणारे, गुडघ्यांच्या दुखण्याने जेरीस आलेले एक काका पहिल्या भेटीत मला मराठीत म्हणाले, “बाळ, हे मेडिकेअरमध्ये बसतं का गं?” मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. मी म्हटले, “नाही काका, रोखच द्यावे लागतात.” न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एम अँड के कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात, कामावर जखमी झालेल्या कामगाराला औषधी कॅनबिसचा खर्च मालकाने परत द्यावा असा निर्णय दिला, त्याचा आधार असलेला एक रुग्ण आमच्याकडे आहे आणि त्याची प्रत्येक पावती मी जपून छापून देते. काकांना तो मार्ग नाही. दुकानाच्या विम्यावर मी वर्षाला तीस हजारांवर डॉलर मोजते आणि दुकानातल्या रुग्णाचा विमा एक डॉलरही मोजत नाही, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

मार्च २०२५ मध्ये नूतनीकरणाची सूचना आली तेव्हा हप्ता ३४,१०० डॉलर झाला होता. मी दुसऱ्या दोन ठिकाणी दर मागवले. एकाचा हप्ता चार हजारांनी कमी होता, पण त्याच्या मसुद्यात मालसाठ्याची व्याख्या नव्हती आणि निषिद्ध मालाचे कलम शाबूत होते. आम्ही जुन्याच कंपनीकडे राहिलो. रोकडीची मर्यादा २५,००० डॉलर झाली, प्रतीक्षा ७२ वरून २४ तासांवर आली, आणि भंगाराच्या कलमात ‘विल्हेवाट राज्याच्या नियमांनुसार विमाधारक करील’ हे वाक्य मी सुचवलेल्या शब्दांत उतरले. प्रयोगशाळेचा खर्च देण्यास मात्र त्यांनी याही वेळी नकार दिला. खालच्या दोन फळ्या आता रिकाम्याच असतात, आणि काउंटरमागच्या खणात बिलाच्या कागदाची रिळे ठेवलेली आहेत.