१६० पौंडांचे झाले १६० किलो: वेकसर्फ बोर्ड घेताना झालेली माझी फसवणूक

साताऱ्यात वेकसर्फ बोर्ड विकत घेणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही, हे मला मान्य आहे. तरीही कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, विशेषतः २०२४ मध्ये मुनावळे येथे शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाल्यापासून, पाण्यावरच्या खेळांची हौस आपल्याकडे वाढली आहे आणि त्या हौसेवर पोट भरणारे विक्रेतेही मागोमाग आले आहेत. त्यांपैकी एकाने मला एकूण ४०,५०० रुपयांना गंडवले. रक्कम लिहिताना संकोच वाटतो, पण ती लपवून हा अनुभव सांगण्यात काही अर्थ नाही.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षे दुबईत होतो आणि तेथे सुट्टीच्या दिवशी पाच-सहा वेळा वेकसर्फिंग केले होते. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: बोटीत कित्येकशे किलो पाण्याचे वजन भरून आणि ती एका बाजूला किंचित झुकवून ताशी सोळा ते अठरा किलोमीटरच्या संथ वेगाने चालवतात, त्यामुळे तिच्या मागे एक सलग लाट तयार होते, खेळाडू आधी आखूड दोर धरून उभा राहतो आणि लाटेचा रेटा मिळू लागला की दोर बोटीत टाकून नुसत्या लाटेवर सरकत राहतो. पाय बोर्डाला बांधलेले नसतात. माझी मजल दोर धरून उभे राहण्यापर्यंतच गेली होती, म्हणजे मी पुरता नवशिका होतो आणि तरीही आपल्याला यातले कळते असा माझा समज होता. विक्रेत्याला असेच गिऱ्हाईक हवे असते.

जाहिरात मोबाइलवर दिसली. परदेशी बनावटीचा, जेमतेम वापरलेला बोर्ड, किंमत ३४,००० रुपये आणि खाली एक ओळ होती की हा बोर्ड नवशिक्यांना आणि सरावलेल्यांना सारखाच चालतो. खरे तर त्या ओळीपाशीच थांबायला हवे होते, कारण या दोघांच्या गरजा एकमेकींच्या उलट असतात. नवशिक्याला लांब, रुंद आणि जाड बोर्ड लागतो, जो त्याचे वजन सहज तोलतो आणि ज्याच्या खालचे मोठे फिन (माशाच्या परासारखी पाती) दिशा धरून ठेवतात. सरावलेला खेळाडू मात्र बोर्ड चटकन वळावा, गिरकी घेता यावी म्हणून मुद्दाम आखूड बोर्ड निवडतो. गिरक्यांसाठीचे बोर्ड तर पातळ आणि सपाट असतात व त्यांना इवलासा एखादा फिन असतो, त्यामुळे नवख्या माणसाच्या पायाखालून ते साबणाच्या वडीसारखे निसटतात.

विक्रेता बोलण्यात तरबेज होता. बोर्डाचा बाक, कडांची गोलाई, आतला फोम, वरचा कार्बनचा थर, यांवर तो अर्धा तास बोलला. एवढ्या वेळात त्याने मला दोन प्रश्न विचारले नाहीत: तुमचे वजन किती आणि बोट कोणती. माझे वजन ८६ किलो आहे हे मीच सांगितले, तेव्हा उत्तर आले, "सर, १६० किलोपर्यंत आरामात चालतो, स्टिकरवरच लिहिले आहे." त्याने फोटोही पाठवला. त्यात १६० हा आकडा स्पष्ट होता; पुढचे एकक मात्र खरवडल्यासारखे पुसट होते. ते वापरामुळे झिजले असेल, अशी समजूत मी स्वतःच काढली.

पैसे भरल्यावर चौथ्या दिवशी निरोप आला की माल मुंबईत कस्टममध्ये अडकला असून ड्युटीचे ६,५०० रुपये तातडीने भरावे लागतील. बोर्ड आपल्याच घरी आहे असे आधी सांगणाऱ्या माणसाचा माल कस्टममध्ये कसा अडकला, हे विचारायचे मला सुचले नाही. सौभाग्यवतींनी मात्र विचारले, "सरकारचा कर कुणाच्या मोबाइल नंबरवर भरतात का?" मी त्यांना आयातीची प्रक्रिया समजावून सांगितली. (ती मलाही ठाऊक नव्हती.) आयात मालाच्या ड्युटीसाठी बिल ऑफ एंट्री नावाचे कागदपत्र असते आणि रक्कम शासनाकडे जमा होते, कुणा व्यक्तीच्या खात्यात नव्हे, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी पैसे भरून मोकळा झालो.

पार्सल आले तेव्हा उघडतानाचे चित्रीकरण केले नाही, ही माझी आणखी एक चूक. बोर्ड ४ फूट ४ इंच लांब, पातळ, सपाट आणि खाली एकुलता एक बोटभर फिन. उचलताच तो अपेक्षेपेक्षा जड लागला. खालच्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर ठेवला तर ७ किलो ४०० ग्रॅम भरला. पातळ फोमच्या एवढ्याशा बोर्डाला हे वजन शोभणारे नव्हते. मागच्या पायाच्या जागी अंगठा दाबला तर वरचा थर शिळ्या पापडासारखा खाली गेला आणि पुन्हा वर आला. बोर्ड गॅलरीत उभा करून ठेवला आणि सकाळी पाहतो तो फिनच्या खाचेखाली फरशीवर तळहाताएवढे ओले होते. खाचेजवळची चीर रंग मारून बुजवलेली होती आणि आतला फोम कधीपासून पाणी पीत होता, कोण जाणे.

दुबईतल्या जुन्या सहकाऱ्याला फोटो पाठवले तेव्हा तो आधी हसला आणि मग गंभीर झाला. हे बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच अमेरिकी आहेत आणि त्यांच्या तक्त्यांत वजन पौंडांत लिहिलेले असते. १६० पौंड म्हणजे सुमारे साडेबहात्तर किलो. म्हणजे हा बोर्ड माझ्यापेक्षा तेरा-चौदा किलोंनी हलक्या माणसाचा होता आणि तोही गिरक्या घेणाऱ्याचा. माझ्या वजनाच्या नवशिक्याने ५ फुटांच्या वरचा, तीन सुटे फिन असलेला जाड बोर्ड घ्यावा, असे त्याचे म्हणणे पडले. दोर सोडून दहा-पंधरा मिनिटे लाटेवर टिकता येऊ लागले की त्याच बोर्डाचा मधला फिन काढायचा, म्हणजे तो मोकळेपणाने वळू लागतो आणि आपल्याला पुढे कोणत्या प्रकाराकडे जायचे आहे ते पैसे न घालवता समजते. आखूड बोर्डाचा विचार त्यानंतर. जुनाच घ्यायचा तर व्हिडिओ कॉलवर तो काट्यावर ठेवायला लावावा, कडेने अंगठा दाबत फिरायला सांगावे आणि फिनची खाच तिरप्या उजेडात पाहावी, हेही त्याने सांगितले. पैसे भरण्याआधी त्याला एक फोन करायला मला दहा मिनिटे लागली असती.

बोटीचा विषय तर याहून गंभीर निघाला. विक्रेत्याने कोणत्याही मोटरबोटीमागे हा खेळ जमतो असे सांगितले होते, म्हणून मी शिवसागर जलाशयाच्या काठच्या बामणोलीला जाऊन एका वयस्क बोटचालकांना विचारले. त्यांनी बोर्ड हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि काही न बोलता मला बोटीच्या मागच्या टोकाला नेले. तेथे आउटबोर्ड इंजिन लटकत होते. "साहेब, दोर आखूड म्हणताय, म्हंजी माणूस हितं दहा फुटांवर आला. पंखा कुठं हाय बघितला का? तुम्ही पडलात अन् बोट जरा मागं सरली तर काय ऱ्हाईल?" मी काही बोलू शकलो नाही. वेकसर्फिंगच्या बोटींचे इंजिन आत असते आणि पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या टोकापासून बराच आत असतो, तो याच कारणासाठी. शिवाय या हलक्या बोटींमागे सरकत राहण्याजोगी लाटही उठत नाही. त्या गृहस्थांनी माझ्याकडून चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

तक्रारीसाठी मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि पोर्टलवर तक्रार नोंदवली. बोर्डाच्या किमतीबाबत ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद केली. उशीर माझा होता, कारण पार्सल आल्यावर आठ दिवस मी विक्रेत्याच्या "बघतो सर" या उत्तरावर काढले आणि तेवढ्यात त्याने चॅटमधले आपले निरोप पुसून टाकले. माझ्याकडे उरले ते पैसे भरल्याचे तपशील आणि स्टिकरचा तो एक फोटो, जो योगायोगाने मोबाइलमध्ये साठवला गेला होता. खाते ज्या नावाने होते ते त्याने सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हते. ड्युटीच्या रकमेपैकी ४,२०० रुपये त्या खात्यात गोठवले गेले असून ते परत मिळण्याची प्रक्रिया चालू आहे. उरलेल्या रकमेची आशा मी धरलेली नाही.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. फोटो तोच होता, स्टिकरही तेच होते, किंमत मात्र दोन हजारांनी उतरली होती.