एच.ओ. इंजिनाचे चाक निवडताना : खोल कडा की उथळ कडा?

मूळ गाडीच्या 87व्या हिश्श्याचे, 16.5 मि.मी. गेजवर (दोन रुळांमधल्या अंतरावर) धावणारे एच.ओ. मापाचे मॉडेल इंजिन घेताना रंग आणि मोटार आधी पाहिली जाते आणि चाकांकडे लक्ष जाते ते इंजिन रुळांवरून घसरू लागल्यावर.

युरोपीय एनईएम मानकानुसार चाकाची कडा, म्हणजे रुळाच्या आतल्या बाजूला खाली उतरणारी त्याची धार, 1.2 मि.मी.पर्यंत खोल चालते, तर अमेरिकी एनएमआरए संस्थेच्या आरपी-25 आकारात ती सुमारे 0.64 मि.मी. असते. खऱ्या चाकाची साधारण 28 मि.मी.ची कडा 87ने भागली, तर 0.32 मि.मी. येते; म्हणजे ज्या कडेला आपण उथळ म्हणतो, तीही प्रमाणाच्या दुप्पट खोल आहे.

जमिनीवर मांडून संध्याकाळी गुंडाळून ठेवायच्या रुळांना खोल कडाच बरी, कारण रुळांचे जोड वरखाली झाले तरी ती सहजासहजी निसटत नाही. मात्र कोड 70चा रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) जेमतेम 1.78 मि.मी. उंच असतो आणि आतल्या बाजूला खिळ्यांची डोकीही असतात, त्यामुळे अशी कडा त्यांच्यावर खडखडत जाते. याउलट आरपी-25ची खरी मदार कडेच्या खोलीवर नसून, चाकाचा धावता पृष्ठभाग कडेला मिळतो तिथल्या गोलाईवर आहे. वळणावर ही गोलाई रुळाला टेकते आणि कडा घासण्यापूर्वीच चाकाला मध्याकडे ढकलते. रूळ पक्के आणि सपाट बसवलेले असतील, तर उथळ कडा पुरते. ते पिळलेले असतील, तर घसरण्याचा दोष चाकाला देऊ नये.

सांध्यांवर, म्हणजे एका मार्गाचे दोन मार्ग होतात तिथे, मात्र कडेपेक्षा दोन चाकांच्या पाठींमधले अंतर निर्णायक ठरते. ते सुमारे 14.4 मि.मी. हवे. कमी असल्यास चाके चेक रुळावर (चाकाला आतून रोखणाऱ्या जोडरुळावर) अडकून वर चढतात आणि जास्त असल्यास कडा क्रॉसिंगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या, टोकावर आदळते. नव्या इंजिनातही ही चूक निघते, म्हणून गेज मोजण्याची धातूची पट्टी मी इंजिनाइतकीच आवश्यक मानतो.

पाच जोडचाकांच्या वाफेच्या इंजिनात मधल्या चाकांना कडाच नसणे हा काही दोष नव्हे. ब्रिटनच्या खऱ्या 9एफ इंजिनातही तशी सोय होती. एकाच त्रिज्येच्या वळणावर तीन आसांच्या बोगीपेक्षा (इंजिनाखालच्या चाकांच्या फिरत्या गाड्यापेक्षा) दोन आसांची बोगी अधिक सहज वळते, त्यामुळे 18 इंच त्रिज्येच्या छोट्या मांडणीवर अशा दोन तीन-आसी बोगींचे, म्हणजे सहा आसांचे डिझेल इंजिन टाळावे. काही चाकांवर चढवलेल्या रबरी पट्ट्यांमुळे चढावर ओढ वाढते, पण त्या चाकांतून वीज मिळत नाही, आणि सैल झालेले रबर चाकाला उचलून घसरवू शकते.

कायमची मांडणी आणि कोड 83चे रूळ असतील तर आरपी-25 घ्यावे. घरात जुन्या खोल कडेचे डबे बरेच असतील, तर रूळ कोड 100चेच ठेवावेत.