रास्पबेरी पायवर ध्वनीवरून ऑफलाइन मजकूर: काही महिन्यांच्या वापरानंतर

लोकांनी विश्वासाने दिलेल्या मुलाखती परक्या सर्व्हरवर चढवायच्या नव्हत्या, म्हणून ४ जीबी रॅमच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर, बोलणं ऐकून मजकूर लिहिणारा व्हिस्पर डॉट सीपीपी हा प्रोग्राम बसवला. ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर मॉडेल जॉर्जी गेर्गानोव्ह यांनी सी++ मध्ये उतरवलं, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नसतानाही ते चालतं.

वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नका. व्हिस्पर लहानमोठ्या आकारांत मिळतं: ७.४ कोटी पॅरामीटरचं (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचं) बेस मॉडेल पायला झेपतं, २४.४ कोटींचं स्मॉल रॅममध्ये मावतं, पण मूळ ध्वनीपेक्षा जास्त वेळ घेतं. तरी मी स्मॉलच वापरते. रात्री काम लावलं की वेळ कोण मोजतंय? मॉडेलमधला प्रत्येक आकडा सुमारे पाच बिटांत साठवणाऱ्या आवृत्तीने फाइल बरीच लहान होते आणि मजकुरात मला फारसा फरक दिसला नाही. चार कोअर आहेत, थ्रेडही (एकाच वेळी चालणारी कामं) चारच द्या. उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक हवाच, कारण ८० अंशांना प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

खरा फरक पडतो तो आधीच्या तयारीने. एफएफएमपेग या ध्वनी-रूपांतराच्या प्रोग्रामने फाइल १६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची, मोनो (एकाच चॅनलची) करून घ्यायची आणि पंख्याची खालची घरघर खालचे स्वर गाळणाऱ्या हायपास फिल्टरने कापायची. गोंगाट कमी करणारं आरएनएनॉइज वापरायचं असेल तर ते ४८ किलोहर्ट्झवर काम करतं, म्हणून सॅम्पल रेट त्यानंतर उतरवा. पण बेतानेच! आवाज जास्त घासूनपुसून स्वच्छ केला की व्यंजनांच्या कडा जातात आणि मजकूर उलट बिघडतो.

व्हिस्पर ध्वनी ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतं. तीन सेकंदांची फाइल दिली तरी उरलेली जागा शांततेने भरून तेवढीच मेहनत करतं. त्यामुळे बारीकसारीक फायली जोडून द्याव्यात. लांब शांतता आली की मात्र कोणी न बोललेली वाक्यं उगवतात, कधी एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. मुलाखतीच्या बाबतीत ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण वाक्य वाचायला अगदी खरं वाटतं. कुठे बोलणं आहे आणि कुठे शांतता, हे ओळखणारं सिलेरोचं मॉडेल जोडल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

मराठीसाठी भाषेचा पर्याय ‘एमआर’ असा स्पष्ट द्या, नाहीतर ते इंग्रजी गृहीत धरतं. तरीही बेसची मराठी वाचवत नाही, स्मॉलचीही प्रत्येक ओळ तपासावी लागते. इंग्रजी मुलाखतींचा मसुदा थोड्या दुरुस्तीत तयार होतो. मराठीत मला मुख्य उपयोग होतो तो वेळेच्या खुणांचा, हवी ती जागा चटकन सापडते.