बेळगावात वॅगनआर घेताना भाव कुठं सुटतो: शोरूम, इन्शुरन्स, लोन सगळ्याचा रिव्ह्यू

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात छोटी गाडी बघायलेल्या लोकांसाठी लिहितोय. मी घेतली वॅगनआर व्हीएक्सआय, साधी पेट्रोल, ९९८ सीसी, हातगिअरची. हा रिव्ह्यू गाडीपेक्षा जास्त ती घेण्याच्या व्यवहाराचा आहे, कारण गाडी सगळीकडं तीच मिळते पण ऑन-रोड आकडा, म्हणजे टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून शेवटी द्यायचा आकडा, प्रत्येक टेबलावर वेगळा निघतोय. शोरूमची नावं लिहीत नाही, सेल्समन बदलला की अनुभव पण बदलतो, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या शोरूमला लागू पडतंय.

आधी बाजाराचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, वरचा सेस पण गेला. वॅगनआरचं सगळ्यात खालचं मॉडेल तेव्हा ४,९८,९०० ला आलं, आल्टो के१० ३,६९,९०० ला. त्याच दिवशी घटस्थापना. म्हणजे आधी पितृपक्ष आणि जीएसटीची वाट बघणं या दोन्हीमुळं थांबलेली सगळी गिऱ्हाईकं एकदम शोरूमला, मग दसरा, मग धनत्रयोदशी पाडवा, त्या दिवसांत डिस्काउंट विचारला तर सेल्समन मान वर करून बघत पण नव्हते. त्यात त्यांची चूक नाही, गाडी उभी राहायच्या आधी बुक होत होती. मला मुहूर्ताची घाई नव्हती म्हणून मी डिसेंबरात गेलो. डिसेंबरात त्यांना त्या सालात बनलेला स्टॉक संपवायचा असतो कारण १ जानेवारीनंतर तीच गाडी "गेल्या सालाची" होते. दोन-तीन वर्षांत विकणार असाल तर तो फरक रिसेलला भोवतो, पण आमच्या घरात गाडी दहा-बारा वर्षं चालते, आम्हाला काय फरक पडतोय. फक्त गाडी कुठल्या महिन्यात बनलीय ते आधी विचारून घ्या, पुढं फॉर्म २१ वर (शोरूम देते तो विक्रीचा दाखला) महिना आणि साल दोन्ही लिहून येतं त्यावर परत ताडून बघा. आषाढात आणि पितृपक्षात पण भाव चांगला सुटतो, ज्यांना चालतंय त्यांनी खुशाल जावं.

आता मुख्य मुद्दा. "लास्ट किती ते सांगा" असं विचारू नका. त्या प्रश्नाला सेल्समन एक गोल आकडा सांगतो, आपण दुसरीकडं जाऊन दुसरा गोल आकडा ऐकतो, आणि कुठला कशामुळं कमी हाय ते कुणालाच कळत नाही. कागदावर ओळीओळीनं लिहून घ्या: एक्स-शोरूम (गाडीची नुसती किंमत, जीएसटी धरून), टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरी, आणखी काय असेल ते, आणि डिस्काउंट शेवटी वेगळा. यातल्या एक्स-शोरूम आणि टॅक्स या दोन ओळी शोरूमच्या हातात नाहीत, बाकी जवळजवळ सगळ्या हातात आहेत. भाव तिथं सुटतो.

टॅक्सबद्दल आपल्या सीमाभागात जास्त लिहायला पाहिजे कारण इथं सगळ्यांचे पाहुणे पलीकडं असतात. कर्नाटकात ५ लाखापर्यंतच्या गाडीला १३ टक्के लाइफटाइम टॅक्स, ५ ते १० लाखाला १४ टक्के, आणि त्या टॅक्सवर सेस वेगळा. महाराष्ट्रात १० लाखापर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. साडेपाच लाखाची गाडी धरली तर इथं ७७,००० अधिक सेस, तिथं ६०,५००. गडहिंग्लजच्या दाजींनी लगेच सांगितलं, "पाव्हणं, आमच्या पत्त्यावर घ्या की, एमएच ०९ पासिंग करून टाकू, कोण बघतंय?" दाजींचा जीव आहे आमच्यावर, पण मी नको म्हणालो आणि तुम्ही पण म्हणा. गाडी कायम बेळगावात उभी राहणार, मोटार व्हेईकल अ‍ॅक्टच्या कलम ४७ प्रमाणं दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवली की त्या राज्यात परत रजिस्टर करावी लागते, म्हणजे एनओसी (ना हरकत पत्र) आणा, इथला टॅक्स भरा, मग तिथल्या रिफंडसाठी कोल्हापूर आरटीओच्या चकरा. वर गाडी दाजींच्याच नावावर घेतली तर इन्शुरन्स क्लेम, लोन, विक्री प्रत्येक वेळी दाजींची सही लागणार. वीसेक हजारासाठी नात्यात असला कागद आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून कोल्हापूरचं ऑन-रोड कोटेशन इथल्या टेबलावर आपटून काही होत नाही, सेल्समनला माहिती असतंय की फरक टॅक्सचा आहे. हुबळीचं कोटेशन मात्र चालतं. राज्य एकच, टॅक्स एकच, त्यामुळं आकड्यात जो फरक दिसतो तो निव्वळ शोरूमनं लावलेल्या ओळींचा. मी हुबळीहून फोनवर असंच ओळीओळीचं ब्रेक-अप मागवलं, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, ते इथं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं स्वतः फोन केला. कोल्हापूरवाल्यांना विचारायचंच असेल तर टॅक्स सोडून नुसता डिस्काउंट किती ते विचारा, ते तुलनेला चालतं.

सगळ्यात जास्त पैसा अडकलेला असतो इन्शुरन्सच्या ओळीत. मला शोरूमनं ३४ हजार लावले होते. आता यात थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) भाग सरकारनं ठरवलेला आहे, नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि १००० सीसीच्या आत तो ६,५२१ रुपये अधिक जीएसटी, तो कुठंही तेवढाच. बाकी ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, त्याच्यावर डिस्काउंट किती द्यायचा ते कंपनी ठरवते, आणि शोरूमला त्यात कमिशन असतं म्हणून ते ही ओळ सोडायला तयार नसतात. तीच आयडीव्ही (इन्शुरन्सनं धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची घसारा-कपात नाही), बाहेरून मागवलं तर २३ हजार. शोरूममधला माणूस म्हणाला बाहेरचं इन्शुरन्स घेतलं तर कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीनं वर्कशॉपला परस्पर भरणं, होणार नाही. तसं काही नसतं, त्या कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार असेल तर कॅशलेस होतं, आणि पॉलिसी कुठल्या कंपनीची घ्यायची ते गिऱ्हाईकानं ठरवायचं असतं. बाहेरचा कागद समोर ठेवल्यावर ३४ चे २५ झाले आणि मी त्यांच्याकडूनच घेतलं, दोन हजारासाठी पुढं क्लेमच्या वेळी ओळखीचा काउंटर असलेला बरा असं मला वाटलं.

आणि एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, विसरू नका! हे मला कुणी सेल्समननं सांगितलं नाही, बँकेतल्या मित्रानं सांगितलं. जुन्या गाडीवर पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के नो क्लेम बोनस असतो आणि तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकली की इन्शुरन्स कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर लावायचं. माझ्या जुन्या आल्टोवरचा बोनस लावल्यावर २५ वरून आणखी बरेच उतरले.

हँडलिंग चार्जेस म्हणून साडेसात हजाराची एक ओळ होती. हे कसले विचारलं तर "गाडी यार्डातून आणायचं, धुवायचं" असं उत्तर. ही सरकारी फी नाही, शोरूमची स्वतःची ओळ आहे, शांतपणे "हे मी देणार नाही, काढा" म्हणालो, निघाली. आवाज चढवायची गरज पडत नाही, फक्त कागदावरून खोडून सही करून घ्या. तसंच रजिस्ट्रेशनच्या नावाखाली मोठा आकडा असेल तर विचारा: छोट्या गाडीची रजिस्ट्रेशन फी ६०० रुपये, लोन असेल तर हायपोथिकेशनचे (गाडीच्या कागदावर बँकेचं नाव चढवायचे) १,५०० आणि स्मार्ट कार्डचे किरकोळ. टॅक्स किती भरला त्याची पावती मिळते, ती मागून घ्याच, कोटेशनमधला आकडा आणि पावतीतला आकडा जुळला पाहिजे, जास्त घेतलेले परत मागायला लाजू नका. अ‍ॅक्सेसरी किटमध्ये मॅट आणि मडफ्लॅप सोडून मला काही नको होतं, तेवढंच घेतलं. सीट कव्हर शहरात बाहेर शिवून घेतले, कापड जास्त चांगलं आलं.

जुन्या गाडीचं गणित थोडं चकवणारं आहे. शोरूमनं आल्टोचे १ लाख १० हजार सांगितले, वर २० हजार एक्स्चेंज बोनस. गोकाककडच्या एका माणसानं बाहेर १ लाख ४० दिले असते. बोनस धरूनही बाहेर दहा हजार जास्त येत होते, पण ते सांगितल्यावर शोरूमनं १ लाख २० केले, म्हणजे बरोबरीत आलं, आणि आरसी ट्रान्सफरची जबाबदारी त्यांची, म्हणून त्यांनाच दिली. बाहेर विकणार असाल तर नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठ सोडू नका, गाडी आपल्या नावावर राहिली तर दंड आणि अपघात दोन्ही आपल्या दारात येतात. कॉर्पोरेट डिस्काउंट, सरकारी नोकरीचा डिस्काउंट, ग्रामीण भागाची स्कीम अशा पण योजना असतात, त्या त्या महिन्याच्या असतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. घरात वडील, वहिनी कुणी पात्र असेल तर कुणाच्या नावावर घ्यायची ते आधी ठरवा.

लोनवाल्याचं टेबल आतच असतं. "फक्त ६ टक्के सर" म्हणाला. फ्लॅट ६ टक्के, म्हणजे हप्ते फेडत गेलं तरी व्याज पूर्ण कर्जावरच. ५ लाख, ५ वर्षं, फ्लॅट ६ म्हणजे व्याज दीड लाख, हप्ता १०,८३३, आणि कमी होत जाणाऱ्या बाकीवर बघितलं तर तो दर पावणे अकराच्या आसपास पडतो. सरकारी बँकेत जाऊन रिड्युसिंग दर विचारा, आणि फ्लोटिंग दराचं घेतलं तर मुदतीआधी फेडायला दंड नसतो, ऊस-बटाट्याचे पैसे एकदम येणाऱ्या घरांना हे फार उपयोगाचं आहे. मी बँकेतून घेतलं, शोरूमवाल्याचं तोंड जरा उतरलं, पण डिस्काउंट त्यानं बदलला नाही. काही ठिकाणी "आमच्याकडून लोन घेतलं तरच हा डिस्काउंट" असं असतं, ते आधी कागदावर स्पष्ट करून घ्या.

सेल्समन पोरगा चांगला होता, मराठीत नीट समजावून सांगायचा, फोन उचलायचा, माझ्या आईला "काकू बसा" म्हणून खुर्ची द्यायचा, त्याला पैकीच्या पैकी. डिलिव्हरीच्या दिवशी मात्र त्या शोरूमनं वेळ पाळली नाही, सकाळची म्हणून सांगून गाडी संध्याकाळी दिली आणि मडफ्लॅप बसवायचे राहिलेच, ते दुसऱ्यांदा जाऊन बसवून घेतले. अंधारात गाडी ताब्यात घेऊ नका, रंग, काचा, टायर, स्टेपनी उजेडात बघा.

गाडीबद्दल थोडक्यात: आईला बसायला-उतरायला उंची एकदम बरोबर, साडी नेसून पण त्रास नाही. सहा एअरबॅग आता सगळ्या मॉडेलला येतात. डिकीत तांदळाची पोती बसतात. चार माणसं घेऊन चोर्ल्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर यायला लागतं, ओव्हरटेक विचार करून करावा लागतो, हायवेवर वाऱ्याला जरा हलते. वारंवार गोव्याला जाणाऱ्यांनी १.२ इंजिनचं मॉडेल चालवून बघावं, ते पण १२०० सीसीच्या आतच आहे, म्हणजे जीएसटी तोच १८.