बाबांचं प्रोस्टेटचं रेडिएशन आणि ते सोनोग्राफीवालं मशीन : नवी मुंबईतला आमचा अनुभव

बाबांचं रेडिएशन गेल्या शुक्रवारी संपलं. २० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे. तेव्हापासून आमच्या ऐरोलीतल्याच तीन जणांनी फोन करून विचारलं की ते सोनोग्राफी लावून शेक देतात म्हणजे नक्की काय करतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. सेंटर नेरुळ साइडला आहे. नाव देत नाहीये कारण वेळेबद्दलची तक्रार मी त्यांना लेखी दिलीय आणि उत्तर अजून यायचंय.

बाबा ७१ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १४ आला, बायोप्सीत कॅन्सर निघाला, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) ३+४. वर्षभरापूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू, त्यामुळे ऑपरेशन नको असं ठरलं आणि हार्मोनचं इंजेक्शन प्लस रेडिएशन यावर गाडी आली. डोस ६० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), म्हणजे दर सिटिंगला ३. पूर्वी हेच ३७-३९ सिटिंग चालायचं. ब्रिटनमध्ये चिप नावाची ३२०० च्या वर पुरुषांवरची मोठी ट्रायल झाली, तिचा निकाल २०१६ ला आला, त्यात २० सिटिंगवालं ३७ सिटिंगवाल्यापेक्षा कमी पडलं नाही आणि मग बऱ्याच ठिकाणी हेच सुरू झालं. ऐरोली ते नेरुळ रोज ये-जा करणाऱ्यांसाठी हा केवढा फरक आहे ते वेगळं सांगायला नको. पण एका दिवसाचा डोस मोठा म्हणजे त्या दिवशी नेम चुकून चालत नाही, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी, वर लघवीची पिशवी, मागे लगेच गुदाशय. पिशवी किती भरलीय, मागे गॅस आहे का, पोट साफ झालंय का, यावर ती रोज काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकते. कातडीवर टॅटूचे ठिपके करतात त्यावरून माणूस सरळ झोपलाय का ते कळतं, आत प्रोस्टेट कुठेय ते कळत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी प्रोस्टेटमध्ये सोन्याचे तीन बारीक दाणे सुईने बसवतात आणि रोज एक्सरेवर ते दाणे बघून पेशंटला जागेवर आणतात. चांगली पद्धत आहे, पण सुईसाठी रक्त पातळ व्हायच्या गोळ्या थांबवायच्या होत्या, आणि हार्टच्या डॉक्टरांनी त्याला साफ नकार दिला. मग रेडिएशनच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पर्याय काढला. सुई नाही, जास्तीचं रेडिएशन नाही.

मला वाटलेलं पोटावर जेल लावून बघतात तसंच असेल. तशी पद्धत होती पूर्वी, पण पोटावर प्रोब दाबला की त्या दाबानेच प्रोस्टेट हलते, म्हणजे मोजायला गेलो आणि मोजायची वस्तूच सरकली. आत्ताच्या सिस्टीममध्ये प्रोब पायांच्या मधे, अंडकोशाच्या मागच्या जागेवर टेकवतात आणि टेबलालाच फिक्स करतात. आतली मोटर प्रोबला आपोआप फिरवत राहते, कोणी हातात धरून उभं राहायची गरज नाही, आणि राहूच शकत नाही, कारण रेडिएशनचा बीम चालू असताना खोलीत पेशंट एकटा असतो. प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनच्या दिवशी पण हाच प्रोब तसाच लावून घेतात, म्हणजे रोजच्या चित्राची तुलना पहिल्या दिवसाशी करता येते.

बाबांना याची फार लाज वाटली. मला काही बोललेच नाहीत, रात्री माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिथे मुली असतात का हो आत?" दुसऱ्या दिवशी नवऱ्याने जाऊन टेक्नॉलॉजिस्टशी बोलून घेतलं, त्यानंतर प्रोब लावायला कायम मुलगाच आला, चादर टाकून, प्रत्येक गोष्ट आधी सांगून, "काका, आता जेल थंड लागेल". तुमच्या घरातले वडीलधारे गप्प बसले तर तुम्ही विचारा, ते स्वतःहून सांगणार नाहीत. आणि खोलीत भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" असा बोर्ड दिसला तर गोंधळू नका, सोनोग्राफी मशीन जिथे आहे तिथे तो कायद्याने लावावाच लागतो.

अकराव्या सिटिंगला मला कंट्रोल रूममध्ये दोन मिनिटं उभं राहू दिलं. करड्या रंगाचं धूसर चित्र, त्यात प्रोस्टेटच्या कडेने हिरवी रेघ, आणि बाजूला तीन रेषा पुढे सरकतायत, एक वर-खाली, एक डावी-उजवी, एक पुढे-मागे. मिनिटभर सगळं शून्याच्या आसपास. मग पुढे-मागेवाली रेषा हळूहळू वर चढायला लागली, १, १.८, २.६, आणि ३ मिलिमीटर ओलांडल्यावर रंग बदलला. मशीनवर बसलेल्या टेक्नॉलॉजिस्ट मुलीने लगेच बीम थांबवला. माइकवर म्हणाली, "काका, काही झालेलं नाही, आपण फक्त थांबलोय, सैल सोडा अंग." मी श्वास धरून उभी. गॅस होता, पुढे सरकला, रेषा आपोआप खाली आली, तिने पुन्हा सुरू केलं. बाबांना बाहेर आल्यावर विचारलं तर त्यांना जाणवलंही नव्हतं. नुसता सुरुवातीला एक स्कॅन काढून सुरू केलं असतं तर तेवढा वेळ बीम तीन मिलिमीटर चुकलेल्या जागेवर पडत राहिला असता, आणि मागे तर गुदाशयच आहे. त्या दिवशी मला या मशीनची किंमत कळली.

सीटीसारखा स्कॅन टेबलवर रोज काढायचेच ते, सोनोग्राफी आहे म्हणून बंद नाही केला. डॉक्टर म्हणाले सोनोग्राफीत प्रोस्टेट चांगली दिसते पण गुदाशय किती भरलंय, पिशवीचा आकार कसाय, हे पूर्ण त्यावर सोडायचं नाही, आणि या दोन्हींच्या मोजमापात कधीकधी काही मिलिमीटर फरक येतो. मला हे प्रामाणिक वाटलं.

आता तक्रार. या सगळ्याचा पाया म्हणजे पिशवी रोज सारखी भरलेली हवी. आधी लघवी करायची, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि ३०-४० मिनिटं थांबायचं, सीटीच्या दिवशी होती तेवढीच भरून टेबलवर जायचं. पहिल्या आठवड्यात आम्हाला साडेअकराची वेळ, बाबा पाणी पिऊन तयार, आणि आत मशीन अडकलंय म्हणून कोणी सांगेना. १२ वाजले, सव्वाबारा झाले. मी दोनदा डेस्कवर गेले, "बसा, बोलावतो". बाबा खुर्चीच्या दांड्याला धरून बसलेले, कपाळावर घाम, ए.सी. चालू असताना. हार्मोनचं इंजेक्शन, वय, त्यात प्रोस्टेटचा त्रास, किती वेळ धरणार माणूस? पॅन्ट ओली झाली. ज्या माणसाने तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत शिफ्ट केली आणि कधी कुणापुढे मान खाली घातली नाही, तो भर वेटिंग हॉलमध्ये मान खाली घालून बसला होता. मी ओढणी त्यांच्या मांडीवर टाकली. एक मावशी धावत आल्या, आत नेलं, लुंगी दिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण डेस्कवरून सॉरी सुद्धा नाही आली. मिलिमीटर मोजणारं मशीन आत, आणि बाहेर पाऊण तासाचा हिशोब कोणी ठेवत नाही.

पुढे त्या टेक्नॉलॉजिस्ट मुलीनेच उपाय काढला. आमच्या आधीच्या पेशंटला तयार करायला घेतलं की ती बाहेर येऊन सांगायची, "काका, आता प्या." घड्याळ बघून नाही, तिच्या सांगण्यावर. त्यानंतर एकदाही गोंधळ झाला नाही. एवढी साधी गोष्ट पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी का नाही करत?

खाण्याचं पण बघा. वालाचं बिरडं, चवळी, छोले, कोबी, सगळं महिनाभर बंद करायला लागलं, वातूळ काहीच नको कारण गॅस झाला की ती रेषा वर चढलीच. बाबांनी बिरड्यासाठी दोन दिवस तोंड पाडलं, तो कंट्रोल रूमचा किस्सा सांगितल्यावर स्वतःच नको म्हणाले. तिसऱ्या आठवड्यापासून रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठणं, जळजळ सुरू झाली, गोळीने कमी आहे. लोकलने परत यायचा हट्ट करू नका, आम्ही एकदा केला आणि तुर्भ्याला उतरून टॉयलेट शोधावं लागलं.

बिलात सोनोग्राफी ट्रॅकिंग वेगळं लावतात की पॅकेजमध्ये, हे सुरू करायच्या आधी लेखी घ्या, आमचं पॅकेजमध्ये होतं. महात्मा फुले योजनेतून करणार असाल तर त्यात नेमकं काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्रालाच विचारा.

डॉक्टर, मशीन, आतली टीम, पाच पैकी पाच. डेस्क आणि वेळ, दोन, आणि ते दोन पण त्या मावशींमुळे. तीन महिन्यांनी पीएसए आहे, तेव्हा परत जायचंच आहे, हॉलमध्ये काही बदललेलं दिसलं तर इथे येऊन एडिट करेन.