जनआरोग्य योजना: नांदेडात पाच तारे, किनवटात दोन

नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवरच्या किनवटला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला आणि आयुष्मान कार्ड ही रोजची कामं. गेल्या पावसाळ्यात माझ्या दाजींना हार्ट अटॅक आला आणि मीच काढून दिलेलं कार्ड घेऊन मी नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात उभा राहिलो. याच कार्डावर मोफत उपचार देणारी राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना मला काउंटरच्या दोन्ही बाजूंनी दिसली, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं. किनवटला लागूनच असलेल्या गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढला, इंजेक्शन दिलं आणि 108 च्या गाडीने इस्लापूर, हिमायतनगर, भोकर करत नांदेड गाठलं. दवाखान्यात शिरताच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची नोंद करणाऱ्या माणसाचं टेबल आहे. तिथे कार्डासोबत रेशन कार्ड आणि आधार दाखवलं, त्याने नोंद केली, वरून मंजुरी आली आणि अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची बंद पडलेली नळी स्टेंट नावाची जाळी बसवून उघडली. स्टेंट, आयसीयू, तपासण्या, पेशंटचं दोन वेळचं जेवण, सगळं योजनेतून. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी आमच्याकडे द्यायचं बिल शून्य होतं. अक्का कापूस वेचायला जाते, दाजी दुसऱ्याच्या वावरात सालगडी आहेत. ही योजना नसती तर घराची जागा विकावी लागली असती, आणि तेवढ्यानेही भागलं नसतं. उपचाराला मी पाच तारे देतो आणि मनापासून देतो.

पण त्याच दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी एकाने अक्काला बाजूला घेऊन सांगितलं, की योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा असेल तर वरचे तीस हजार भरा. अक्का घाबरली, गळ्यातलं काढायला निघाली. मी आरोग्यमित्राकडे गेलो आणि लेखी मागितलं. लेखी कोणी दिलं नाही, पैशाची गोष्टही पुन्हा निघाली नाही. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी पेशंटकडून एक रुपयाही घेता येत नाही. कोणी मागितला तर तिथेच उभं राहून 155388 ला फोन लावा, तो टोल फ्री आहे. मला हे धंद्यामुळे माहीत होतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या मुलाला माहीत नव्हतं, त्याने उसने आणून भरले. अजून राग येतो.

आता किनवटला दोनच तारे का, त्याचं कारण. नांदेड जिल्हा या योजनेत पहिल्यापासून आहे. 2012 च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मराठवाड्यातला आपलाच एक जिल्हा होता. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते. 1 जुलै 2024 पासून पाच लाख झाले आणि पांढऱ्या कार्डवालेही आत आले. कागदावर आता नांदेड शहरातला नोकरदार आणि आमच्या तालुक्यातल्या मांडवीकडचा कोलाम आदिवासी शेतमजूर अगदी बरोबरीचे आहेत. पण हा पैसा तालुक्याला वाटून मिळत नाही. दवाखान्याने उपचार करायचे, क्लेम टाकायचा, मग योजनेतून दवाखान्याला पैसे मिळतात. म्हणजे जिथे आयसीयू आणि तज्ज्ञ डॉक्टर, तिथेच पैसा जाणार. शहरातला माणूस रिक्षाने दवाखान्यात पोचतो. आम्हाला शंभराहून जास्त किलोमीटर जावं लागतं, आणि हार्ट अटॅकमध्ये प्रत्येक मिनिट मोजलं जातं. जो पोचलाच नाही त्याचा क्लेम नाही, आणि क्लेम नाही म्हणून त्याच्या नावाचा खर्चही कुठे दिसत नाही.

आदिलाबाद आम्हाला नांदेडपेक्षा जवळ आहे. म्हणून इथले कितीतरी लोक तेलंगणात जातात आणि रोख मोजतात. ज्यांच्यासाठी पाच लाखांचं संरक्षण आहे तेच लोक!

अंतर मोजता येत नाही असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात 30,000 लोकसंख्येला एक आणि आदिवासी-डोंगरी भागात 20,000 ला एक, हा नियम जुना आहे. डोंगरात माणसाला दवाखाना लांब पडतो हे सरकारने तिथे मान्यच केलंय. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतही आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागे पडलेले म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांतल्या दवाखान्यांना पॅकेजवर, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या दरावर, 10 टक्के जास्त देण्याची तरतूद केली गेली. मराठवाड्यातून त्या यादीत एकटा धाराशिव आहे. नांदेड नाही, कारण मोजणी अख्ख्या जिल्ह्याची होते आणि शहराच्या आकड्यांत किनवट-माहूर बुडून जातात. अनुशेष म्हटलं की आपण मराठवाडा विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र एवढंच बोलतो. जिल्ह्याच्या आतला अनुशेष कोण मोजणार? माझी मागणी साधी आहे. मोजणी तालुक्याची करा, लांबच्या तालुक्यात जो दवाखाना आयसीयू चालवेल त्याला पॅकेज वाढवून द्या, आणि गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय अशा पेशंटसाठी आधी सज्ज करा. तिथल्या डॉक्टरांनी दाजींसाठी केलं ते हातात होतं तेवढ्यात केलं.

कार्डाबाहेरचा खर्चही सांगतो. दाजी आत होते तेवढे दिवस अक्काची मजुरी बुडाली, तिचं जेवणखाण आणि माझी ये-जा वेगळी. फेरतपासणीला पुन्हा नांदेड. सुट्टी देताना मिळालेल्या गोळ्या संपल्या, पुढे आयुष्यभर घ्यायच्या आहेत. सरकारी दवाखान्यात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, तिथे ज्या मिळतात त्या आणतो. ज्या मिळत नाहीत त्या मेडिकलमधून. दाजींनी मधे एकदा पैसे वाचवायला गोळी बंद केली होती, अक्काने धरून चालू करायला लावली.

कार्ड काढताना सगळ्यात जास्त अडतात तेच, ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. मजुरी करून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, ठसा उठत नाही. तेव्हा ओटीपीने किंवा चेहरा दाखवून केवायसी करा, परत जाऊ नका. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव रेशन कार्डावर चढवलेलं नसतं, आणि ऑनलाइन नाव नसलं की कार्ड निघत नाही. त्यासाठी तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज द्यावा लागतो. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर त्याचं वय वंदना कार्ड वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. ही कामं घरात सगळे धडधाकट असताना करून घ्या, कारण पुरवठा विभागात नाव चढायला वेळ लागतो आणि दवाखान्यातल्या टेबलावर नाव दिसलं तरच पुढचं सगळं हलतं.