फ्लामेंकोसाठी एकच रात्र: सेव्हिलचा वाडा, ग्रानादाची गुहा, हेरेसचा तबांको की माद्रिदचा तब्लाओ?

स्पेनच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीत फ्लामेंकोच्या वाट्याला बहुधा एकच संध्याकाळ येते. ती कुठे घालवावी याचं आमचं उत्तर आधीच सांगतो: पहिल्यांदाच बघणार असाल, तर सेव्हिलमधल्या एखाद्या जुन्या वाड्यातला, माइक नसलेला, तासाभराचा कार्यक्रम. जेवण त्यात नको. ग्रानादाची गुहा, हेरेस आणि माद्रिद यांचीही आपापली बाजू आहे आणि काहींसाठी तीच योग्य ठरेल. पण निवड शहराच्या नावावरून करू नका. तुमच्यात आणि नाचणाऱ्यात किती अंतर असेल, आवाज स्पीकरमधून येईल की थेट गळ्यातून, आणि समोर ताट असेल की नाही, या तीन गोष्टींवरून करा.

अंतर आणि माइक यांना एवढं महत्त्व का, ते आधी सांगायला हवं. फ्लामेंकोमध्ये गाणं, गिटार आणि नाच हे तीन वेगळे विभाग नसतात. नर्तकी पावलांनी इशारा देते, त्यावर गायक ओळ उचलतो, गिटारवाला दोघांकडे बघत स्वर बदलतो. हे सगळं नजरेनं आणि खांद्यांच्या हालचालीनं चालतं आणि दहा-बारा फुटांवरून स्पष्ट दिसतं. बुटांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात, खाली पोकळ लाकडी मंच असतो. टाचेचा, चवड्याचा आणि पूर्ण तळव्याचा असे तीन आवाज वेगवेगळे ऐकू यायला हवेत. मोठ्या सभागृहात जमिनीलगत माइक लावतात, तेव्हा हे तिन्ही एकाच खडखडाटात मिसळतात. गायकाचा चिरत जाणारा आवाजही स्पीकरमधून गुळगुळीत होऊन येतो.

तालाचं एक सांगतो, कारण आपल्याकडच्या रसिकाची इथे हमखास फसगत होते. सोलेआ आणि बुलेरिया हे प्रकार बारा मात्रांच्या आवर्तनात चालतात. एकताल डोक्यात ठेवून बसलात, तर पहिल्या मात्रेवर समेची वाट बघत राहाल. इथले ठोके १२, ३, ६, ८ आणि १० वर पडतात, म्हणजे विभागणी ३-३-२-२-२. तुकडा बंद होतो तो बहुधा दहाव्या मात्रेवर. ‘ओले’ची दाद तिथे पडते. एवढं कळलं की पुढचा तास वेगळाच ऐकू येतो. तांगोस मात्र सरळ चार मात्रांचा असतो, तिथे अडचण नाही. आणि तालाबरोबर टाळ्या वाजवू नका. पाल्मास, म्हणजे त्या टाळ्या, हे इथे वाद्यच आहे. प्रेक्षकांतून आलेल्या चुकार टाळीनं नर्तकीचा हिशेब विस्कटतो.

सेव्हिल: वाड्याचा चौक

कुना रस्त्यावरचं कासा दे ला मेमोरिया हे इथलं सगळ्यात नेमकं उदाहरण. लेब्रिहा राजवाड्याच्या जुन्या पागांच्या जागी हे घर उभं आहे. कार्यक्रम होतो तो आतल्या चौकात: छोटा मंच, त्याच्या भोवती खुर्च्यांच्या मोजक्या रांगा आणि वर सज्जा. माइक नाही, जेवण नाही, मधे पेय घेऊन फिरणारे वेटर नाहीत. साधारण तासभर चालतं. कलावंत बहुधा चारच: एक गायक, एक गिटारवादक आणि दोन नर्तक. एखादा तुकडा फक्त गिटारचा असतो, एखादा फक्त गाण्याचा. घाईतल्या पर्यटकाला हे तुकडे कंटाळवाणे वाटतात, पण खरं तर तेच चुकवू नयेत. नाच सुरू झाला की डोळे पायांवर खिळतात आणि गळ्याकडे लक्ष राहत नाही.

तिकीट साधारण २० ते २५ युरोंच्या आसपास. जागांना क्रमांक नसतात, आधी येईल त्याला आधी जागा. त्यामुळे अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभं राहणं हाच चांगल्या जागेचा भाव. कुठे बसावं? चौकातली जमीन सपाट असते आणि मंच फार उंच नसतो. तिसऱ्या रांगेत मधोमध बसलात तर पाय दिसणार नाहीत, फक्त कमरेवरचा भाग दिसेल. मधली तिसरी रांग आणि बाजूची पहिली यांत निवडायची वेळ आली, तर बाजूची पहिली घ्या. पहिली कुठेच मिळाली नाही तर सज्जा बरा. तिथून चेहरे नीट दिसत नाहीत, पण पायांची सगळी आखणी वरून कळते. फोटो शेवटच्या भागात परवानगी मिळाल्यावरच. तोपर्यंत फोन खिशात.

संध्याकाळी एकापाठोपाठ दोन-तीन कार्यक्रम असतात. शक्यतो शेवटचा घ्या. आधीचे घड्याळावर संपवावे लागतात, कारण बाहेर पुढच्या कार्यक्रमाची रांग लागलेली असते. शेवटच्याला ती घाई नसते, त्यामुळे अखेरची बुलेरिया रंगली तर थोडी लांबते. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मात्र लवकरचाच कार्यक्रम सोयीचा. सेव्हिलमध्ये बरीचशी स्वयंपाकघरं रात्री साडेआठनंतरच उघडतात, म्हणून साडेसातचा कार्यक्रम आणि नंतर जेवण हा क्रमही छान जमतो.

दुसरा पर्याय म्हणजे क्रिस्तीना ओयोस या नर्तकीनं २००६ साली उभं केलेलं फ्लामेंको नृत्याचं संग्रहालय. दिवसा संग्रहालय आणि संध्याकाळी तिथल्याच चौकात कार्यक्रम असं एकत्र तिकीट मिळतं. फ्लामेंकोची काहीच पार्श्वभूमी नसेल तर हा क्रम उपयोगी, कारण प्रकारांची नावं आधी डोळ्याखालून गेलेली असतात. चौक मात्र मोठा आहे आणि मागच्या रांगा खरोखर मागे पडतात.

सेव्हिलमध्ये अडचण येते ती तारखांची. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, सेमाना सांताला, मिरवणुकांनी जुन्या शहराचे रस्ते तुंबतात. कुना रस्ता तर मिरवणुकांच्या मुख्य मार्गाला लागूनच आहे, दहा मिनिटांच्या अंतराला तास लागू शकतो. सम वर्षांच्या सप्टेंबरात बिएनाल हा मोठा महोत्सव असतो. तेव्हा नामवंत कलावंत शहरात असतात, पण मोठ्या नाट्यगृहांत, आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. जवळून बघायचं असेल तर ते दिवस टाळलेले बरे.

ग्रानादा: साक्रोमोन्तेची गुहा

साक्रोमोन्तेच्या टेकडीत कोरलेल्या, चुना फासलेल्या घरगुती गुहांमध्ये हितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी समाजाची, कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली. १९६३च्या आसपासच्या मुसळधार पावसात यातल्या बऱ्याच गुहा खचल्या आणि लोकांना बाहेर काढावं लागलं. नंतर त्यांतल्या काही कार्यक्रमांसाठी टिकल्या. मारिया ला कानास्तेरा आणि रोसिओ ही इथली जुनी, घराण्यांची नावं. इथली खासियत म्हणजे साम्ब्रा: अल्बोरेआ, काचूचा आणि मोस्का हे लग्नाच्या विधींतून आलेले तीन नाच. ते दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतात. पण ‘गुहेतला कार्यक्रम’ म्हणजे साम्ब्रा असेलच असं नाही. काही ठिकाणी गुहेत शहरातल्यासारखाच नेहमीचा कार्यक्रम होतो. आरक्षणाआधी ‘साम्ब्रा आहे का’ हे विचारा. एवढ्या एका प्रश्नावर इथली निवड ठरते.

गुहेची रचना अरुंद आणि लांबट, बोगद्यासारखी. खुर्च्या दोन्ही भिंतींना टेकवून एका ओळीत मांडतात आणि मधल्या पट्टीत नाच होतो. भिंतींवर तांब्याची भांडी टांगलेली असतात. नर्तकीच्या झग्याची झालर गुडघ्याला लागून जाते, इतकं जवळून. घुमटाकार छतामुळे आवाज अंगावर येतो. तीव्र आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी आणि तान्ह्या बाळांच्या आईबाबांनी हे लक्षात घ्यावं. गिटारवाला आणि गायक एका टोकाला बसतात. तुमची खुर्ची दुसऱ्या टोकाला आली तर नाच तेवढा वाट्याला येईल, बाकीचं फक्त ऐकू येईल. जागा बहुधा तिथली माणसं ठरवतात आणि गटानं आलेल्या बसमधल्यांना एकत्र बसवतात. म्हणून स्वतः लवकर पोहोचणं आणि गायकाच्या बाजूची खुर्ची नम्रपणे मागून घेणं, एवढंच आपल्या हातात. गर्दी भरली की आत उकडतं, अंगावर एखादा थर काढता येईल असे कपडे असू द्या.

तिकीट एका पेयासह साधारण २० ते ३० युरो. हॉटेलवरून नेण्या-आणण्यासह घेतलं तर थोडं जास्त. ती गाडी घ्यावी का? चालणारे असाल तर जाताना नको. नुएवा चौकातून दार्रो नदीच्या कडेनं, पासेओ दे लोस त्रिस्तेसवरून आणि मग चापिसच्या चढानं वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता, आणि वाटेत अल्हाम्ब्राचा जुना राजवाडा उजव्या हाताला वर दिसत राहतो. सी-३४ ही छोटी बसही वर जाते. कार्यक्रम रात्री ९ ते ११च्या दरम्यान सुरू होतात. परतताना बस असेल की नाही हे आधी बघा, आणि नसेल तर टॅक्सी गुहेतल्या माणसांनाच फोन करून मागवायला सांगा. गोट्यांच्या दगडी फरसबंदीवर उंच टाचा घालून उतरू नका.

नाचापेक्षा गाणं ऐकायचं असेल तर अल्बाइसिन या जुन्या वस्तीतली ला प्लातेरिया ही १९४९ साली स्थापन झालेली पेन्या शोधा. पेन्या म्हणजे रसिकांनी चालवलेलं मंडळ, आपल्याकडच्या संगीत मंडळांची आठवण व्हावी असं. ठरावीक रात्री ती बाहेरच्यांनाही खुली असते. तिथे सभासद गाण्यात कुजबुजणाऱ्याकडे वळून बघतात, तेव्हा गप्प बसायच्या तयारीनंच जा.

हेरेस: ज्यांना वाट बघायची तयारी आहे

बुलेरियाचं गाव हे. तबांको म्हणजे पिंपातून शेरी देणारं जुनं मद्यालय. १९२५ पासूनचं एल पासाहे त्यातलं प्रसिद्ध. वेगळं तिकीट नाही, पेय घ्यायचं आणि उभं राहायचं. आजूबाजूला बडबड असते, ग्लास आपटतात, पुढच्याची पाठ दिसते. मग अचानक एखाद्या तुकड्यावर सगळं गप्प होतं, किंवा त्या दिवशी होतच नाही. हमी हवी असणाऱ्यानं इथे येऊ नये. दुसऱ्यांदा अंदालुसियात, म्हणजे सेव्हिल, ग्रानादा आणि हेरेसच्या या दक्षिणेकडच्या प्रांतात, जाणाऱ्यानं मात्र जरूर यावं, आणि जमलं तर डिसेंबरात. तेव्हा वाड्यांच्या अंगणांत साम्बोम्बा रंगतात, नाताळची गाणी बुलेरियाच्या तालावर म्हणतात आणि गावकरीच गातात-नाचतात. सेव्हिलहून रेल्वेनं तासा-सव्वातासाचं अंतर आहे. पण पेन्यांतले कार्यक्रम उशिरा सुरू होतात आणि तोवर परतीची शेवटची गाडी निघून जाते, म्हणून मुक्काम हेरेसलाच करा.

माद्रिद

सहलीत अंदालुसिया नसेल तर कोराल दे ला मोरेरिया हा तब्लाओ, म्हणजे टेबलांवर बसून फ्लामेंको बघायची जागा. १९५६ पासून चालू, राजवाड्याजवळ. कलावंतांचा दर्जा उंच, संच मोठा. तिकीट सेव्हिलच्या दुपटीहून जास्त, जेवणासह शंभर युरोच्या पुढे. मिशेलिन तारा (उत्तम उपाहारगृहांना मिळणारा मान) आहे तो आतल्या वेगळ्या, मोजक्या टेबलांच्या भोजनगृहाला. मंचासमोरच्या टेबलावरच्या जेवणाला तो आहे असं समजून पैसे भरू नका. सेव्हिल आणि माद्रिद दोन्ही सहलीत असतील तर फ्लामेंको सेव्हिललाच बघा.

जेवण आणि आरक्षण

जेवणासह कार्यक्रम आम्ही कुठेच सुचवणार नाही, शाकाहारी मंडळींना तर नाहीच. ठरलेल्या थाळीत शाकाहारी पर्याय म्हणून बहुधा कोशिंबीर आणि अंड्याचं तोर्तिया येतं. गार सालमोरेखो सूपवरही हॅमचे तुकडे आणि अंडं पेरतात. नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांस नको’, म्हटलं तर हॅम त्यात धरला जाईलच असं नाही. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस, हॅम आणि मासे नकोत) असं तिन्ही सांगा. बाहेर स्वतंत्र खाल्लं तर सेव्हिलमध्ये पालक-हरभऱ्याची एस्पिनाकास कोन गार्बान्सोस आणि ग्रानादात उसाच्या काकवीबरोबर तळलेली वांगी मिळतात. ही दोन्ही आपल्या जिभेला जवळची आहेत.

तिकीट थेट त्या जागेच्या संकेतस्थळावरून काढा. मधल्या विक्रेत्यांकडे तोच कार्यक्रम ‘खास’ म्हणून चढ्या दरानं असतो. आरक्षण करताना दोन प्रश्न विचारा: ‘एन आकुस्तिको?’, म्हणजे माइकशिवाय आहे का, आणि जागांना क्रमांक आहेत का. पुण्या-मुंबईत कथक-फ्लामेंको जुगलबंदी बघितलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की तो मोठ्या मंचाचा, माइकचा आणि सवाल-जवाबाचा कार्यक्रम असतो. इथे सोलेआ संथ सुरू होते. सुरुवातीला पायांचं काम थोडंच असतं, बहुतेक हात आणि आवाज. तो भाग संपायची वाट बघत बसू नका.

दोन रात्री मिळत असतील तर पहिली सेव्हिल, दुसरी साक्रोमोन्ते, याच क्रमानं. वाड्यात शांतपणे ठोके कानात बसतात, मग गुहेतल्या धबडग्यात ते ओळखता येतात. उलट क्रमानं गेलात तर गुहेत नुसता दणदणाट पदरी पडतो. मोसमात सेव्हिलचं तिकीट आठवडाभर तरी आधी काढा. गुहांमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी आदल्या दिवशीही जागा मिळून जाते, शनिवारी नाही.